पावसाळ्याच्या तोंडावर लेकीला : फ्लूचा माग कसा ठेवायचा

पुणे, १२ जून

चि. सानिकास,
अनेक आशीर्वाद.

मृग लागला, म्हणजे सोलापूरच्या फ्लूवर नजर ठेवायच्या तयारीला तुझ्या हातात जेमतेम तीन आठवडे उरले. आपल्याकडे फ्लूचा मुख्य भर जुलै ते सप्टेंबर. काश्मीरमध्ये तो थंडीत येतो. त्यामुळे श्रीनगरचा आलेख बघून सोलापूरचं नियोजन करायचं नाही. आणि हिवाळ्यात वहीही मिटायची नाही, कारण २०१५ साली महाराष्ट्रात एच१एन१ची (स्वाइन फ्लूची) मोठी लाट जानेवारी ते मार्चमध्येच आली होती.

परवा फोनवर म्हणालीस, ‘किती पॉझिटिव्ह’ हा आकडा रोज वर कळवायचा आहे. तो कळव. पण तेवढ्यावरून साथ चढली की उतरली, हे ठरवू नकोस. या आठवड्यात २०० नमुने तपासले आणि ५० पॉझिटिव्ह आले, पुढच्या आठवड्यात २० तपासले आणि १० आले. वर्तमानपत्रात बातमी येईल, रुग्ण पाचपट घटले. प्रत्यक्षात प्रमाण २५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेलेलं असतं. आणि हे ५० टक्केही २० नमुन्यांवर उभे आहेत, दोन-तीन नमुने इकडचे तिकडे झाले तरी डोलतील. म्हणून प्रत्येक आकड्याखाली ‘किती तपासले’ आणि ‘कोणाला तपासायचं हा नियम काय होता’ या दोन ओळी हव्यातच.

हा नियम मधेच बदलला की काय होतं, ते पुण्याने २००९ मध्ये दाखवलं. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि नायडू हॉस्पिटलपुढे साध्या सर्दीवाल्यांच्याही रांगा लागल्या. त्याच महिन्यात केंद्राने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडले: सौम्य असतील तर घरीच, जोखमीचे असतील तर तपासणीची वाट न बघता ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध, आणि गंभीर असतील तर भरती करून तपासणी. प्रयोगशाळा वाचवायला हे योग्यच होतं. पण त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे ही दोन वेगळी मापं झाली. नंतरच्या पॉझिटिव्हमध्ये गंभीर रुग्णच जास्त, त्यामुळे त्यांना भागून काढलेला मृत्युदर भयंकर दिसतो. तुझ्या आलेखावर असा नियम बदलला त्या दिवशी उभी रेघ मार आणि तिच्याशेजारी कारण लिही.

गंभीर रुग्णांच्या तपासणीवर साथीचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून तुला ठरावीक केंद्रं हवीत. दोन-तीन ओपीडी आणि एक भरतीचं रुग्णालय पुरेसं आहे. ओपीडीत आयएलआयची (फ्लूसारख्या आजाराची) व्याख्या काटेकोर पाळायची: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, खोकला, आणि आजार गेल्या १० दिवसांत सुरू झालेला. हाच रुग्ण भरती करावा लागला की ‘सारी’, म्हणजे श्वसनाचा तीव्र आजार. ‘अंग कसकसतंय’ म्हणजे ताप नव्हे, थर्मामीटर लाव. प्रत्येक केंद्राला वार ठरवून दे आणि त्या वारी व्याख्येत बसणारे पहिले पाच रुग्ण घ्यायला सांग. निवड डॉक्टरवर सोडली की त्यांना ‘फ्लूसारखे वाटणारे’ रुग्ण येतात आणि प्रमाण फुगतं. त्या दिवशी ओपीडीत एकूण किती आले आणि त्यांत आयएलआय किती, हेही रोज लिहून घे. आषाढी एकादशीच्या सुमाराला पंढरपुरात राज्यभरातली माणसं असतात, तिथल्या रुग्णाच्या अर्जावर ‘राहतो कुठे’ आणि ‘आजारी पडला कुठे’ असे दोन रकाने ठेव. गणपतीत ओपीडी रिकामी पडते, नमुने घटतात आणि आलेखात खळगा दिसतो. तो साथ उतरल्याचा खळगा नसतो, सुट्टीचा असतो.

तारखांचं तर मी बजावून सांगते. लाइनलिस्टमध्ये, म्हणजे रुग्णांच्या यादीत, चार तारखा हव्यात: आजार सुरू झाला ती, नमुना घेतला ती, प्रयोगशाळेत पोचला ती, निकाल आला ती. साथीचा आलेख पहिल्या तारखेवर काढायचा. निकालाच्या तारखेवर काढला, तर मशीन दोन दिवस बंद पडून तिसऱ्या दिवशी साठलेले निकाल एकदम लागले की खोटा सुळका उभा राहतो. आणि ७/८ असं कधी लिहू देऊ नकोस. संगणक त्याला कधी ७ ऑगस्ट करतो, कधी ८ जुलै. ‘७ ऑगस्ट’ असं अक्षरी लिहायला लाव. रुग्णाला ‘आजार कधी सुरू झाला’ विचारलं की तो ‘झाले चार-पाच दिवस’ म्हणतो. त्याला खूण धरून विचार: बाजाराच्या दिवशी ताप होता का? एकादशीचा उपास धरला तेव्हा? मग तारीख नीट निघते.

आता स्वॅब. सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही. काडी प्लॅस्टिकची, टोक नायलॉनचं किंवा पॉलिएस्टरचं. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक चालत नाही, त्यातली द्रव्यं पीसीआरला, म्हणजे विषाणूचं जनुक फेरीफेरीने वाढवून शोधणाऱ्या चाचणीला, अडवतात. आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांतला नमुना उत्तम. रुग्णाचं डोकं जरा मागे कलवून काडी टाळूला समांतर, सरळ मागे न्यायची. वर, डोळ्याच्या दिशेला नाही. नाकपुडीपासून कानापर्यंतचं अंतर बोटाने आधी मापून घे, त्याच्या साधारण निम्म्यापर्यंत. अडल्यासारखं वाटलं की थांबायचं, काही सेकंद ठेवायचं, हळू फिरवत बाहेर काढायचं. डोळ्यांत पाणी आलं तर समज, जागेवर पोचली. घशाचा स्वॅब वेगळ्या काडीने, पण त्याच नळीत चालेल. नळीत २ ते ३ मिलीलिटर व्हीटीएम, म्हणजे विषाणू टिकवणारं द्रावण. काडी खुणेवरच मोडायची. लांब राहिली तर झाकण तिरकं बसतं, वाटेत नळी गळते आणि प्रयोगशाळा नमुना नाकारते. नाव-क्रमांक नळीवर टाक, झाकणावर नको, कारण झाकणं अदलाबदल होतात. साध्या पेनची शाई बर्फाच्या पाण्याने पुसते, न पुसणारा मार्करच दे.

नळी लगेच २ ते ८ अंशांत. ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचणार असेल तर तिथेच ठेव, नाहीतर थेट उणे ७० किंवा त्याखाली. मधली जागा म्हणजे आरोग्य केंद्रातल्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा. चांगल्या हेतूने, ‘जास्त थंड ते जास्त सुरक्षित’ म्हणून, नळ्या तिथे ठेवल्या जातात. सावकाश गोठताना विषाणूचं आवरण फाटतं, आणि वीज जाऊन-येऊन नमुना वितळला-गोठला की अजून वाट लागते. पीसीआर कदाचित पॉझिटिव्ह येईलही, पण तो विषाणू पेशींवर वाढणार नाही, आणि वाढला नाही तर त्याचा स्वभाव तपासता येत नाही. आइसपॅकही फ्रीझरमधून काढून तसेच नळ्यांना चिकटवू नकोस. बाहेर ठेव, घाम सुटू दे, हलवून आत पाणी खळखळलं की मग डब्यात घाल. पॅकिंग तीनपदरी: नळी, तिच्याभोवती शोषकागद आणि न गळणारा डबा, बाहेर कडक खोकं. अर्ज प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाहेरच्या बाजूला. अर्ज भिजला की नमुना अनाथ झाला.

पीसीआरचा कागद हातात आला की आधी निकालाच्या रकान्याकडे बघू नकोस. आधी कंट्रोल बघ, म्हणजे चाचणी नीट झाली का ते सांगणाऱ्या नोंदी. आरएनेज पी हे माणसाच्या पेशीतलं जनुक आहे, ते दिसलंच पाहिजे. ते निगेटिव्ह आणि फ्लूही निगेटिव्ह, याचा अर्थ ‘फ्लू नाही’ असा होत नाही. काडीवर पेशीच आल्या नाहीत किंवा अर्क नीट निघाला नाही, एवढाच त्याचा अर्थ. एकाच केंद्राचे नमुने असे येत असतील तर तिथे जाऊन स्वॅब कसा घेतात ते समोर उभं राहून बघ. प्लेटमधली बिनानमुन्याची विहीर (खळगा) पॉझिटिव्ह आली तर अख्खी प्लेट बाद, त्यात वाद नाही. सीटी म्हणजे कितव्या फेरीला खूण उमटली तो आकडा; साधारण ३.३ फेऱ्यांचा फरक म्हणजे विषाणूत दहापट फरक. म्हणून सीटी २२ आणि सीटी ३५ दोन्ही ‘पॉझिटिव्ह’ असले तरी एका पंक्तीला बसत नाहीत. रॅपिड कार्डवर निगेटिव्ह आलेल्यालाही सोडू नकोस, ती कार्डं बरेच पॉझिटिव्ह सोडून देतात.

एका निकालावर मात्र रात्री झोपेतून उठवलं तरी डोळे उघडले पाहिजेत. इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह, पण माणसांत नेहमी फिरणाऱ्या उपप्रकारांपैकी एच१ नाही, एच३ही नाही. सीटी ३५च्या पुढे असेल तर बहुधा विषाणूच कमी आहे, पुन्हा अर्क काढून बघता येतं. पण सीटी २५ असताना उपप्रकार लागत नसेल तर वाट बघायची नाही. त्याच दिवशी वरिष्ठांना फोन, नमुना इथे आमच्या एनआयव्हीकडे (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे), आणि रुग्णाला विचार: कोंबड्या, डुकरं, मेलेले पक्षी, प्रवास. माणसात नवा उपप्रकार सापडला तर देशाला २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवावं लागतं. २००९ची साथ अशीच उघडकीला आली. एप्रिलमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातल्या दोन मुलांच्या नमुन्यांत ए लागला, उपप्रकार लागेना. दोघांचाही डुकरांशी संबंध नव्हता आणि एकमेकांशीही नव्हता. कोणीतरी ‘चाचणी बिघडली असेल’ म्हणून ते बाजूला न ठेवता पुढे पाठवले. दोन महिन्यांच्या आत, ११ जूनला, महासाथ जाहीर झाली.

पुढे पाठवायचे नमुने निवडताना फक्त आयसीयूतले निवडू नकोस. तसं केलंस तर सोलापुरात कोणता विषाणू फिरतोय ते कळणार नाही, आयसीयूत कोणता पोचतोय तेवढंच कळेल. हंगामाच्या सुरुवातीचे, भरातले आणि शेवटचे, लहान-मोठ्या सर्व वयांचे, ओपीडीतले आणि भरती झालेले, सीटी ३०च्या आतले घे. त्यांत लस घेऊनही आजारी पडलेले आणि औषध चालू असून न सुधारणारे जरूर घाल, अर्जावर तसं लिहून. २००९च्या आधी फिरणाऱ्या जुन्या एच१एन१मध्ये न्यूरामिनिडेज या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात एच२७५वाय हा एक बदल होऊन ऑसेल्टामिविर निकामी झालं होतं. नव्या विषाणूने त्याची जागा घेतली आणि औषध पुन्हा लागू पडलं. एका अमिनो आम्लावर ७५ मिलिग्रॅमची गोळी चालणं-न चालणं ठरतं.

आमच्याकडून जो अहवाल येतो तोही नीट वाचायला शीक. नाव डावीकडून वाच: ए/कॅलिफोर्निया/७/२००९ म्हणजे प्रकार, ठिकाण, त्या प्रयोगशाळेतला क्रमांक, वर्ष. मधे डुक्कर किंवा कोंबडी लिहिलं असेल तर नमुना प्राण्याचा. काहीच नसेल तर माणसाचा.

प्रतिपिंडं विषाणूला किती अडवतात हे मोजणाऱ्या एचआय चाचणीत फेरेटचं (मुंगसासारख्या प्रयोगातल्या प्राण्याचं) सीरम, म्हणजे प्रतिपिंडं असलेला रक्तद्रव, १:१०पासून दुप्पट-दुप्पट पातळ करत जातात. २५ मायक्रोलिटर सीरम, तेवढाच विषाणू, पाव तास थांबून ५० मायक्रोलिटर ०.५ टक्के टर्कीच्या रक्तपेशी. अर्ध्या तासाने प्लेट तिरकी धरायची. जिथे सीरमने विषाणूला बांधून ठेवलं, तिथे तळाशी बसलेल्या पेशींचा लाल ठिपका अश्रूसारखा ओघळतो. जिथे बांधलं नाही, तिथे पेशी जाळं धरून पसरलेल्या राहतात आणि ओघळत नाहीत. लसीच्या विषाणूशी १:६४० आणि तुझ्या नमुन्याशी १:८०, म्हणजे आठपट घट, म्हणजे विषाणूने रूप बदललं. दुप्पट फरक चाचणीचाच असू शकतो, त्यावर काही बोलायचं नाही. सीरमवर आधी आरडीई या विकराची प्रक्रिया झाली नसेल तर त्यातली इतर द्रव्यंच पेशींना अडवतात आणि न जुळणारा विषाणूही जुळल्यासारखा दिसतो.

आणि फेरेट म्हणजे माणूस नव्हे. २०१३-१४च्या हंगामात एचआयमध्ये विषाणू लसीशी जुळत होता, पण अमेरिकेत मध्यमवयीन माणसं जास्त आजारी पडली. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची प्रतिपिंडं हेमाग्लुटिनिन या विषाणूच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या ज्या जागेवर रोखलेली होती, नेमकी तीच जागा बदलली होती. फेरेटला तो बदल जाणवला नाही. तुझ्या लाइनलिस्टमधल्या वयाच्या रकान्याला हे असं महत्त्व आहे. एखाद्या वयोगटाचं प्रमाण अचानक चढलं आणि अहवाल ‘जुळते’ म्हणतोय, तर मला दोन्ही कागद एकत्र पाठव. विषाणूच्या जनुकीय क्रमाची माहिती आणि रुग्णाची माहिती वेगवेगळ्या फाइलींत पडली की असं काही दिसतच नाही. दोन्हीकडे एकच नमुना क्रमांक चालव, मधे कुठेही नवा देऊ नकोस.

नमुन्यांचा डबा सोमवार ते बुधवारमध्येच निघेल असं बघ. शुक्रवारी निघालेला डबा शनिवार-रविवार कुठेतरी पडून राहतो आणि ७२ तास तिथेच सरतात.

आणि तू स्वतः लस घेतलीस का? संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात. आपल्या पावसाळ्यासाठी दक्षिण गोलार्धाची असते ती घे, कुपीवर या वर्षाचा उल्लेख आहे ना ते वाचून. स्वॅब घेणाऱ्या मुलामुलींनाही याच आठवड्यात दे.

तुझी,
आई