सेन्सेई, तुम्ही माझं एकही वाक्य पूर्ण केलं नाहीत

आदरणीय सेन्सेई,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. जपानीत उतरवून ते मी वेगळं पाठवणार आहेच. पण आधी मराठीत लिहायचं ठरवलं, कारण तुम्ही मला जपानी शिकवलंत त्या सहा वर्षांत माझं मराठी कधी ऐकलंच नाहीत. तुमच्यासमोर मी कायम क्रियापद शोधत, मध्येच थांबत, हाताने हवेत काहीतरी दाखवत बोलले. सांगलीच्या घरात जिला "अगं, जरा श्वास घे" म्हणावं लागायचं, ती मी तुम्हाला भेटलेच नाही. म्हणून एकदा तरी माझ्या भाषेत, न अडखळता. आणि सगळ्यांसमोर, कारण तुम्ही केलंत ते चार लोकांना सांगावं असं मला फार वाटतं.

2016च्या एप्रिलमध्ये मी टोकियोशेजारच्या साइतामात आले. नवऱ्याची बदली, तीन वर्षांचा मुलगा, आणि माझ्या व्हिसावर 'कुटुंबासोबत राहणारी' एवढीच ओळख. कोमिन्कानमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या समाजमंदिरासारख्या त्या इमारतीत, गुरुवारी सकाळी परदेशी लोकांसाठी मोफत जपानी शिकवतात असं कळलं म्हणून आले. तुम्ही खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होतात. पांढरे बारीक कापलेले केस आणि समोर ओळीने मांडलेल्या टोकदार पेन्सिली.

तोवर माझा अनुभव असा होता की जपानी माणसं अतिशय सौजन्याने वागतात आणि मी अडले की पुढचा शब्द स्वतःच माझ्या हातात ठेवतात. दुकानात, दवाखान्यात, बागेत भेटणाऱ्या आया. सगळ्यांना मला मदतच करायची असायची. पण माझं वाक्य दुसऱ्याने संपवलं की ते त्याचं व्हायचं. मला सांगायचं असायचं एक, निघायचं दुसरंच, आणि मी मान हलवून "हो, हो, तेच" म्हणायचे. घरी नवराही फोन माझ्या हातातून घेऊन मोकळा व्हायचा. काही महिन्यांत मी बोलायचंच बंद केलं.

तुम्ही थांबायचात. मी शब्द शोधत असताना माझ्या ओठांकडे न बघता माझ्या वहीकडे बघायचात. मिनीट मिनीट जायचं. शेजारच्या टेबलावरच्या लोकांना अवघडल्यासारखं व्हायचं, तुम्हाला नाही. मला ती शांतता आधी शिक्षा वाटली. ती काय होती, हे मला एका 'मांगा'ने, म्हणजे जपानी चित्रकथेने सांगितलं, आणि तो मांगाही तुम्हीच आणलात.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत तुम्ही पिशवीतून 'ओओकिकु फुरिकाबुत्ते'चा पहिला भाग काढलात. बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्याआधी पिचर दोन्ही हात डोक्यावर मोठे उचलतो, त्या हालचालीवरून आलेलं हे नाव. वाचणारे सगळे नुसतं 'ओओफुरी' म्हणतात. हिगुची आसा यांची ही मालिका 2003पासून 'आफ्तानून' मासिकात येते, 2006मध्ये तिला तेझुका ओसामू पुरस्कारांत नवोदितांचं पारितोषिक मिळालं, हे मला नंतर कळलं. तुम्ही मला एवढंच सांगितलंत: ही गोष्ट साइतामातली आहे, यातली शाळा लेखिकेच्या स्वतःच्या उरावातल्या शाळेवर बेतलेली आहे, आणि यातला मुलगा तुझ्यासारखा बोलतो.

मिहाशी रेन! पहिली वीस पानं वाचताना मला रडू आवरलं नाही. माध्यमिक शाळा आजोबांच्या मालकीची, म्हणून पिचरची जागा त्याला मिळाली असं सगळ्या संघाचं मत. त्याचे चेंडू झेलणारा कॅचर त्याला खुणासुद्धा द्यायचा नाही. सामने हरत गेले, तरी त्याने चेंडू सोडला नाही, आणि त्याच हट्टाची लाज मनात घेऊन तो निशिउरा हायस्कूलला येतो. तिथे बेसबॉलचा संघ नुकताच उभा राहतोय. दहा मुलं, दहाही पहिल्या वर्षातली. प्रशिक्षक मोमोए ही तरुण बाई. मिहाशीचं एकही वाक्य धड संपत नाही. "मी... ते... म्हणजे..." आणि डोळ्यांत पाणी.

कॅचर आबे ताकायाच्या पहिल्यांदा लक्षात येतं की या रडक्या पोराच्या चेंडूला वेग नाही, पण स्ट्राइक झोनचे, म्हणजे चेंडू जिथून जायला हवा त्या चौकटीचे, नऊ चौकोन पाडले तर सांगाल त्या चौकोनात तो चेंडू टाकतो. वर्षानुवर्षं एकट्याने सराव करून कमावलेली ही गोष्ट, आणि त्याला स्वतःला तिची किंमत माहीत नाही.

मला कॅचर म्हणजे विकेटकीपर वाटला होता. लहानपणापासून बाबांच्या मांडीला मांडी लावून क्रिकेट बघितलेलं, दुसरं काय वाटणार? तुम्ही कागदावर मैदान काढून समजावलंत की विकेटकीपर आलेला चेंडू अडवतो, पण कॅचर पुढचा चेंडू कोणता आणि कुठे हे बोटांच्या खुणांनी ठरवतो, समोरचा फलंदाज वाचतो, पिचरचं मन वाचतो, आणि मग मिट, म्हणजे त्याचा जाड हातमोजा, पुढे धरून बसतो. जपानीत त्याला 'न्योबोयाकु' म्हणतात, बायकोची भूमिका, असंही तुम्ही सांगितलंत. मी म्हणाले, मला हा शब्द आवडला नाही. ते माझं पहिलं न अडखळता बोललेलं वाक्य असावं. तुम्ही म्हणालात, "मलाही नाही. मिट धरून बसणं हे कुणाच्या बायकोचं काम नाही, ते एक काम आहे."

त्यानंतर दर गुरुवारी पाठ्यपुस्तक अर्धा तास आणि ओओफुरी एक तास. मी अडेन असं तुम्हाला वाटायचं त्या शब्दांशेजारी पेन्सिलीने सोप्या जपानीत अर्थ लिहिलेला असायचा. या मालिकेत एकच सामना कित्येक भाग चालतो. आदल्या वर्षी साइतामातून कोशिएनला, म्हणजे शाळकरी बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेला, गेलेल्या तोसेई शाळेविरुद्धचा पावसातला तो पहिला सामना आपण महिनोन्‌महिने वाचला. प्रत्येक चेंडूआधी पिचर, कॅचर, बेसवरचा धावपटू, बाकावरची प्रशिक्षक, स्टँडमधल्या आया, सगळ्यांच्या डोक्यात काय चाललंय ते हिगुची दाखवतात. आबे मिहाशीचा हात हातात घेतो आणि तो थंडगार लागला की ओळखतो, पोरगं घाबरलंय. मग सगळा संघ गोल करून बसतो, एकमेकांचे हात धरून, शेजाऱ्याचा हात ऊबदार आहे का बघत. तिसऱ्या बेसवरचा धावपटू दिसला की घाबरण्याऐवजी अंग सैल सोडायची सवय ही मुलं लावून घेतात. मला खेळाच्या पुस्तकात हे अपेक्षितच नव्हतं. लेखिकेने क्रीडा मानसशास्त्राचा अभ्यास केलाय हे तुम्ही सांगितल्यावर उलगडा झाला.

2017च्या एप्रिलमध्ये मुलाच्या बालवाडीत पालकांची पहिली बैठक होती. स्वतःची ओळख करून द्यायची. दारापर्यंत तुम्ही सोबत आलात आणि काही न बोलता माझा हात धरलात. जपानमध्ये इतक्या वर्षांत परक्या माणसाने माझा हात धरल्याचं मला आठवत नाही. "थंड आहे," तुम्ही म्हणालात, आणि तो ऊबदार होईपर्यंत सोडला नाहीत. आत जाऊन मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि पुढे अडले. पण त्या दिवशी "हो, हो, तेच" म्हटलं नाही. थांबले, शब्द शोधला, वाक्य संपवलं.

तुमची गोष्ट तुम्ही फार उशिरा सांगितलीत. 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तुम्ही तुमच्या शाळेच्या बेसबॉल संघाच्या मॅनेजर होतात. चेंडू शिवायचे, पाणी आणायचं, स्कोअर लिहायचा. सामन्याच्या वेळी मात्र बाकावर जागा नाही, तुम्ही स्टँडमधून स्कोअरबुक भरायचात. कोशिएनच्या राष्ट्रीय स्पर्धेत मॅनेजर मुलींना नोंदी ठेवण्यासाठी बाकावर बसायची परवानगी 1996मध्ये मिळाली. हे वर्ष सांगताना तुमचा आवाज बदलला होता. ओओफुरीतल्या शिनोओका चियो या मॅनेजर मुलीची पानं तुम्ही इतकी हळू का उलटायचात हे मला त्या दिवशी कळलं. ती मैदानातलं गवत काढते, प्रतिस्पर्धी फलंदाजांची टिपणं काढते, आणि गोष्ट तिला तिचं मोठेपण देते. 2021च्या ऑगस्टमध्ये मुलींच्या हायस्कूल स्पर्धेचा अंतिम सामना पहिल्यांदा कोशिएनच्या मैदानावर झाला, तेव्हा तुम्ही मला फोन केलात आणि बराच वेळ काही बोललाच नाहीत. मीही वाट बघितली.

स्कोअरबुक तुम्हीच शिकवलंत. प्रत्येक जागेला एक आकडा: पिचर 1, कॅचर 2, दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप 6. शाळकरी संघात पाठीवरचा आकडाही तोच, म्हणून मिहाशीच्या पाठीवर 1 चढतो तेव्हा त्याला ते पेलत नाही. 6-4-3 एवढं लिहिलं की शॉर्टस्टॉपकडून दुसऱ्या बेसवरच्या 4कडे, तिथून पहिल्या बेसवरच्या 3कडे चेंडू गेला आणि दोघे बाद झाले, हे पन्नास वर्षांनीही वाचता येतं. 2018च्या जुलैत आपण ओमिया पार्कच्या मैदानात शाळकरी संघांचा सामना बघत बसलो होतो. त्याच महिन्यात साइतामातल्याच कुमागायात पारा 41.1 अंशांवर गेला, यावरून उन्हाची कल्पना यावी. तुम्ही माझ्या मानेवर ओला टॉवेल टाकलात आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. हरणाऱ्या संघातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांचा खेळ त्या क्षणी संपतो, दुसरी संधी नाही. शेवटचा फलंदाज बाद झाला तेव्हा माझा हात थांबला. "लिही," तुम्ही म्हणालात. "त्याचाही चौकोन भरायला हवा."

आता एक गोष्ट, जी तेव्हा मला लागली होती. 2020च्या वसंतात मुलगा पहिलीत जायचा होता. महामारीमुळे शाळा बंद, आपला वर्ग बंद, मे महिन्यात उन्हाळी कोशिएनही रद्द झालं. शाळा उघडणार असं ठरल्यावर मला तिथे फोन करून सांगायचं होतं की आम्ही मांसमच्छी खात नाही, शाळेच्या जेवणाऐवजी डबा दिला तर चालेल का. मी तुम्हाला फोन केला आणि म्हणाले, माझ्यासाठी तुम्ही बोला ना. तुम्ही नाही म्हणालात. कारणही सांगितलं नाहीत. दोन दिवस मी घुश्श्यात होते, खोटं कशाला सांगू.

तिसऱ्या दिवशी टपालाने ओओफुरीचे भाग आले. चिठ्ठी नव्हती, फक्त एका पानावर तुमची पिवळी पट्टी. बिजो दाइसायामा शाळेविरुद्धचा सामना. आबेच्या गुडघ्याला दुखापत होते, त्याला बाहेर जावं लागतं आणि कॅचरच्या जागी ताजिमा येतो. तोवर प्रत्येक चेंडू आबेने ठरवलेला. आबेच्या खुणेला मिहाशीने कधी मान हलवून नकार द्यायचा नाही, असा दोघांतला करारच होता. आता मिहाशीला स्वतः विचार करावा लागतो, आणि आपण आजवर किती कमी विचार केला हे त्याला कळतं. निशिउरा तो सामना हरते. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते आबेचं उमजणं. मिहाशीसाठी सगळं आपणच ठरवताना त्याच्या वाट्याचं काहीतरी आपण काढून घेत होतो, हे त्याला दिसतं. मी ती पानं तीनदा वाचली. मग शाळेत फोन लावला.

वीस मिनिटं लागली. मध्ये एकदा माझी गाडी पार अडली, तेव्हा मी पहिल्यांदाच कुणाला तरी स्पष्ट सांगितलं, "चोत्तो मात्ते कुदासाइ," जरा थांबा. पलीकडच्या शिक्षिका थांबल्या. डबा मंजूर झाला. संध्याकाळी तुम्हाला कळवलं तर तुम्ही विचारलंत, "त्यांनी थांबायला किती वेळ घेतला?" मी म्हणाले, मी सांगितल्यावर लगेच थांबल्या. तुम्ही एवढं मोठ्याने हसलात की फोन कानापासून दूर धरावा लागला.

2022मध्ये आम्ही पुण्याला परतलो. सिंहगड रस्त्यावरच्या, ओकायामा या जपानी शहराच्या नावाच्या बागेत मी कधी कधी जाऊन बसते, तळ्यातले मासे बघत, आणि तुम्ही पाठवलेला भाग वाचते. तुमच्या पेन्सिलीच्या नोंदी दर भागात कमी होत गेल्या आहेत. मागच्या भागात तर एकच होती आणि तिथे तुम्ही अर्थ लिहिलाच नव्हता, नुसतं प्रश्नचिन्ह केलं होतंत. तो शब्द मला माहीत आहे, सेन्सेई. पण आत्ता सांगत नाही.

पुढच्या जुलैची तिकिटं काढली आहेत. मुलगाही येतोय. त्याला मी 6-4-3 शिकवलंय. ओमियाच्या स्टँडमध्ये सावलीची बाजू कोणती ते तुम्हाला ठाऊक आहे, तेवढी जागा धरा. स्कोअरबुक मी आणते, पेन्सिली तुमच्या.

आपली,
खिडकीजवळच्या टेबलावरची विद्यार्थिनी