ट्रेनिंगवाल्या मॅडम, मनापासून थँक्यू

मॅडम नमस्कार, फोनवर थँक्यू म्हटलंच होतं पण हे सगळ्यांसमोर लिहायचं होतं, कारण मुंबईत माझ्यासारखे शिफ्ट सांभाळणारे कितीतरी जण आहेत आणि कोणी पिऊन ड्युटीवर आला तर नेमकं करायचं काय हे आम्हाला कोणी शिकवतच नाही, प्रमोशन झालं की रजिस्टर हातात देतात, सांभाळ आता.

तुमच्या ट्रेनिंगमधलं एक वाक्य पक्कं बसलंय, रजिस्टरमध्ये 'प्यायलाय' लिहू नका, जे दिसतं ते लिहा. मध्यंतरी आमच्या मरोळच्या युनिटला सेकंड शिफ्टला एक ऑपरेटर लटपटतच आला, जीभ जड, पोरं लगेच म्हणाली फुल टाईट आहे. तुम्ही सांगितलं तसं आधी त्याला मशीनपासून लांब केबिनमध्ये नेलं, दुसऱ्या सुपरवायझरला बोलावलं आणि दोघांनी मिळून लिहिलं, वेळ ३.१५, पाना हातातून दोनदा सुटला, बोलणं तुटक, शर्ट घामाने चिंब, तोंडाला दारूचा वास नाही. वास नाही म्हटल्यावर तुमचा प्रश्न आठवला, शुगर आहे का, जेवलात का? तर हा घरून इन्सुलिन टोचून निघालेला, लोकल कल्याणला रखडली आणि डबा तसाच बॅगेत. शुद्धीत होता, नीट गिळत होता म्हणून साखरेचं पाणी पाजलं, थोड्या वेळात माणूस ताळ्यावर आला, मग सोबत एकाला देऊन ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या हॉस्पिटलला पाठवला. शुगर खाली गेली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा वाटतो हे माहीत नसतं तर त्याला सरळ गेटबाहेर काढला असता हो!

आणि जो खरंच पिऊन येतो त्याचंही तुम्ही नीट समजावलंत. कॉफी, लिंबूपाणी, डोक्यावर थंड पाणी, कशानेच दारू लवकर उतरत नाही, लिव्हर आपला वेळ घेतं. त्याला बाईकची चावी द्यायची नाही, १०० मिली रक्तात अल्कोहोल ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं आणि रस्त्यावर दुसऱ्याचाही जीव जातो, म्हणून आम्ही घरी फोन करून रिक्षात सोबत माणूस देतो. समजावणं दुसऱ्या दिवशी, उतरल्यावर, चारचौघांत नाही. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला 'उद्यापासून बंद कर' असं दमात घ्यायचं नाही, एकदम सोडली तर फिट येऊ शकते, आधी डॉक्टर, हे तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा टोल फ्री नंबर आता आमच्या नोटीस बोर्डवर लावलाय आणि आमच्यातला एक जण स्वतःहून एएच्या (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायला लागलाय, त्याच्या बायकोने तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

नवीन सुपरवायझर जॉईन होतायत मॅडम, त्यांच्यासाठी एकदा याच, या वेळी नाईट शिफ्टवाल्यांना आधी बसवतो.