मिररलेस कॅमेऱ्याची जाहिरात आणि मंडपातला अनुभव

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लग्नसराई तोंडावर आली की मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या जाहिरातींना ऊत येतो आणि आरसा असलेला जुना डीएसएलआर आता मोडीत काढावा, असाच सूर सगळीकडून ऐकू येतो. परभणीत गेली एकवीस वर्षे मी लग्नाचे फोटो काढून घर चालवतो आणि गेले तीन हंगाम दोन्ही प्रकारचे कॅमेरे गळ्यात घेऊन काम करतो आहे. आसपासच्या गावांतील तरुण मुले या जाहिरातींवर विसंबून कर्ज काढताना पाहतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

जे खरे आहे ते आधी मान्य करतो. मंगलाष्टके संपून अंतरपाट बाजूला होतो आणि चहूकडून अक्षता पडू लागतात, तो क्षण दोन-तीन सेकंदांचा असतो. त्या वेळी माझ्या डीएसएलआरचा फोकस अनेकदा अक्षतांच्या दाण्यांवर किंवा मुंडावळ्यांच्या मण्यांवर जाऊन बसत असे. मिररलेस मात्र नवरीचा डोळा ओळखतो आणि बहुतेक वेळा सोडत नाही. डीएसएलआरमध्ये फोकससाठी वेगळा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असतो व आरशामार्फत त्याच्याकडे प्रकाश वळवला जातो, त्यामुळे फोकस केसभर पुढे-मागे होण्याची शक्यता राहते. मिररलेसमध्ये ज्या सेन्सरवर फोटो उमटतो त्याच्यावरच फोकस होत असल्याने ही चूक मुळातूनच जाते. हा लाभ मोठा आहे आणि तो मी रोज घेतो. कॅनन आणि निकॉन यांनी 2020 नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, तेव्हा पुढचा काळ मिररलेसचाच आहे याबद्दलही माझा वाद नाही.

परंतु आरसा काढला म्हणून फोटोचा दर्जा उंचावतो, असे जे मनावर बिंबवले जाते ते खरे नाही. निकॉनचा झेड सिक्स हा मिररलेस आणि डी 780 हा डीएसएलआर, दोन्हींत जवळपास सारखाच 24.5 मेगापिक्सेलचा सेन्सर आहे. फरक पडतो तो बॅटरीत. दोघांची बॅटरीही एकाच जातीची. तरीही व्ह्यूफाइंडरला (डोळा लावायच्या खिडकीला) डोळा लावून काम करताना एका चार्जिंगवर डी 780 ला 2260, तर झेड सिक्सला 310 फोटो असा प्रमाणित चाचणीतला, कंपनीनेच दिलेला आकडा आहे. ही चाचणी कडक असते आणि प्रत्यक्षात दोन्हींवर त्याहून पुष्कळ अधिक फोटो निघतात, हे खरे. पण हळदीपासून पाठवणीपर्यंत मला आता चार बॅटऱ्या बाळगाव्या लागतात.

आवाज न करणाऱ्या शटरचा अनुभव तर मला महागात पडला. लग्नासाठी हे वरदानच आहे, असे विक्रेत्याने सांगितले आणि मी एका स्वागत समारंभात त्याच शटरवर काम केले. रात्री घरी संगणकावर पाहतो तो नवरीच्या चेहऱ्यावर, शालूवर आडवे काळपट पट्टे. शंभरावर फोटो वाया गेले. आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मंडपातले स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात आणि आवाज न करणाऱ्या शटरवर साधा सेन्सर ओळीमागून ओळ वाचत जातो, म्हणून दिव्याची प्रत्येक उघडझाप फोटोत पट्टा होऊन उतरते. निकॉन झेड नाइनसारख्या कॅमेऱ्यांचे सेन्सर अतिशय वेगाने वाचले जातात, त्यामुळे तेथे हा त्रास फारच कमी होतो. पण झेड नाइन बाजारात आला तेव्हा त्याची किंमत चार लाखांच्या पुढे होती. आमच्यासारख्यांना परवडणाऱ्या कॅमेऱ्यावर मंडपात यांत्रिक, म्हणजे पडदा उघडून मिटणारे, शटरच वापरावे, एवढे एक वाक्य त्या विक्रेत्याने सांगितले असते तर एका कुटुंबाच्या आठवणी वाचल्या असत्या.

उष्णतेचेही तसेच आहे. कॅननच्या आर फाइव्ह या मिररलेसची 8के, म्हणजे अतिशय बारकाव्याच्या, चित्रीकरणासाठी 2020 मध्ये मोठी प्रसिद्धी झाली. कॅमेरा तापत असल्याने ते चित्रीकरण सलग सुमारे 20 मिनिटेच चालेल, ही कंपनीने दिलेली मर्यादाही 23 अंश तापमानातली होती. पुढे सॉफ्टवेअर बदलून ती काहीशी सैल करण्यात आली. आमच्याकडे मे महिन्यात पारा 42 अंशांवर जातो आणि पत्र्याच्या मंगल कार्यालयात त्याहून अधिक जाणवतो.

ज्याच्याकडे चालता डीएसएलआर आहे, त्याने कर्ज काढण्याआधी चांगली लेन्स घ्यावी. अॅडॉप्टर (मधले जोडकडे) लावून ती त्याच कंपनीच्या मिररलेसवरही बहुधा चालते, फक्त निकॉनच्या जुन्या, स्वतःची मोटर नसलेल्या लेन्स नेहमीच्या अॅडॉप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत, हे आधी विचारून घ्यावे. विक्रेत्यांनी कॅमेरा एक दिवस मंडपात वापरून पाहू द्यावा. आणि आपल्या दैनिकात नव्या कॅमेऱ्याची ओळख छापताना कंपनीने पाठवलेल्या डोंगरदऱ्यांच्या फोटोशेजारी मराठवाड्यातल्या एखाद्या मंगल कार्यालयात, रात्रीच्या एलईडी दिव्यांखाली काढलेला एक फोटोही छापावा, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक छायाचित्र व्यावसायिक, परभणी