अप्पांच्या गोळ्यांचा डबा भरण्याआधी

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अप्पांच्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो मिळाला. आयपीएफ, म्हणजे कारण सापडत नाही असा फुप्फुसाचा फायब्रोसिस, आणि त्यावर पिरफेनिडोन २०० मिलिग्रॅम. पहिला आठवडा १-१-१, दुसरा २-२-२, तिसऱ्यापासून ३-३-३. डबा तू भरणार म्हणून पत्र तुला लिहिते आहे, पण निखिलरावांनाही वाचायला दे. तू ऑफिसात असताना दुपारची गोळी तेच देणार.

अप्पांना वाटेल, गोळी सुरू झाली की धाप कमी होईल. तसं होणार नाही, आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगून टाक. फुप्फुसाचा जो भाग चट्टे पडून ताठर झाला तो पुन्हा मऊ होत नाही. पुढचे चट्टे सावकाश पडावेत एवढंच या औषधाचं काम. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या असेंड नावाच्या चाचणीत ५५५ रुग्णांना ५२ आठवडे पाहिलं होतं. एफव्हीसी, म्हणजे फुंकून मोजतात ती फुप्फुसाची क्षमता, १० टक्के किंवा त्याहून जास्त उतरणं अथवा मृत्यू, हे औषध नसलेल्या गोळीवर शंभरात सुमारे ३२ जणांच्या वाट्याला आलं, पिरफेनिडोनवर सुमारे १७ जणांच्या. फरक मोठा आहे, पण तो फुंकून मोजायच्या मशीनला कळतो, अंगाला कळत नाही. अंगाला कळतं ते बिघडलेलं पोट. म्हणून ‘फायदा काही नाही, उगाच मळमळतं’ असं म्हणून लोक महिन्याभरातच गुपचूप गोळ्या बंद करतात. अप्पाही एकदा तरी असं म्हणतील हे धरूनच चाल. त्या चाचणीत दिवसाचा डोस २४०३ मिलिग्रॅम होता, अप्पांचा तिसऱ्या आठवड्यापासून १८०० होईल. पुढे वाढवायचा का, हे डॉक्टर त्यांचं पोट आणि रक्ताचे रिपोर्ट बघून ठरवतील. आपण फक्त विचारायचं.

आता पोटाचं, कारण सगळं तिथेच अडतं. रिकाम्या पोटी घेतलं तर हे औषध रक्तात झपाट्याने चढतं, आणि मळमळ, गरगरणं बरंचसं त्या चढण्यामुळे होतं. अन्नासोबत घेतलं की चढ बोथट होतो. गोळी जेवणाआधी नको, ‘जेवून अर्ध्या तासाने’ही नको. ताटावर बसल्यावर द्यायची. तीन गोळ्यांचा डोस झाला की एकदम तीन गिळायला लावू नकोस: चार घास झाल्यावर एक, अर्ध्या जेवणात दुसरी, शेवटच्या भाताबरोबर तिसरी. गोळी अख्खी गिळायची, चावायची किंवा कुटायची नाही. चहा-खारी किंवा दोन मारी बिस्किटं म्हणजे नाश्ता नव्हे. पोहे, उपमा, थालीपीठ, निदान दूध-पोळी तरी हवी. साडेआठ, दीड आणि साडेआठ अशा वेळा तुमच्या घरात बसतील, दोन डोसांत पाचसहा तास तरी राहतात.

संकष्टीचा प्रश्न येईलच. चंद्रोदयापर्यंत काही न खाता सकाळ-दुपारच्या गोळ्या घेतल्या तर दुपारी नक्की आडवे होतील, आणि गोळ्या टाळल्या तर महिन्यातून एक दिवस बुडाला. साबुदाण्याची खिचडी किंवा वरईचे तांदूळ-आमटी पोटाला अन्न म्हणून चालतं. तिन्ही वेळा फराळ करायचा आणि गोळ्या त्यासोबत. माईंनी सांगितलं तर ते ऐकतील, तुझ्या सांगण्यावरून ऐकतील असं वाटत नाही.

एवढं करूनही खाणं नकोसं झालं, वांत्या किंवा जुलाब लागले, तर गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, डॉक्टरांना फोन करायचा. ते डोस एक पायरी खाली आणतात किंवा आठवडा-दोन आठवडे थांबवून परत चढवतात. बहुतेकांचा त्रास सुरुवातीच्या काही महिन्यांत जास्त असतो. दर रविवारी सकाळी, त्याच काट्यावर वजन कर आणि कॅलेंडरवर लिही. भूक मेली की वजन हळूहळू झडतं आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही.

केमिस्टकडे एक सांभाळ. हीच गोळी २००, ४०० आणि ६०० मिलिग्रॅममध्ये मिळते. ‘२०० नाहीये, ६०० देतो’ असं म्हणून त्याने पाकीट दिलं आणि घरी सवयीने तीन काढल्या, तर एका जेवणात अख्ख्या दिवसाचा डोस पोटात गेला. कंपनी बदलली तरी चालेल, पण बदलायच्या आधी डॉक्टरांना कळव, आणि प्रत्येक वेळी स्ट्रिपवरचा आकडा वाचल्याशिवाय डब्यात गोळी टाकू नकोस. जुन्या आणि नव्या ताकदीच्या स्ट्रिपा घरात एकत्र ठेवायच्याच नाहीत. हिशोब असा: पहिल्या १४ दिवसांना ६३ गोळ्या, नंतर रोज ९, म्हणजे पुढे ३० दिवसांना २७०. दहाची स्ट्रिप जेमतेम एक दिवस पुरते, तेव्हा संपल्यावर धावाधाव करण्यापेक्षा सात दिवसांचा साठा उरला की पुढची ऑर्डर दे.

ऊन. हे औषध चालू असताना कातडी उन्हाला फार लवकर भाजते. लाल होते, खाजते, कधी फोड येतात. काचेतून येणारं ऊनही त्यात धरायचं, म्हणजे लोकलची खिडकी आणि तुमच्या हॉलची पश्चिमेची काच. ज्वेल ऑफ नवी मुंबई बागेतला फेरा बंद करू नका, चालणं त्यांना हवंच आहे, फक्त तो सकाळी लवकर, नाश्त्याच्या गोळीच्या आधी उरकायचा. औषध रक्तातून साधारण तीन तासांत निम्मं होतं, त्यामुळे रात्रीच्या डोसचं सकाळी फारसं उरलेलं नसतं. दुपारच्या डोसनंतर बँकेत किंवा भाजीला पाठवणं मात्र नको. सनस्क्रीन एसपीएफ ५० चं, यूव्हीए थांबवणारं असं लिहिलेलं, निघण्याआधी अर्धा तास लावायचं आणि बाहेरच राहिले तर दर दोन तासांनी पुन्हा. पुरुषमाणसं चेहऱ्याला बोट फिरवतात आणि झालं म्हणतात! टक्कल, कानांच्या पाळ्या, मानेची मागची बाजू, हातापायांचा वरचा भाग, चपलेच्या पट्ट्यांमधली जागासुद्धा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि छत्री, ढगाळ असलं तरी.

आता मला ज्याची सगळ्यात धास्ती वाटते ते. आपल्याकडे जुलाब लागले की फ्रिजवरच्या डब्यातून सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक काढतात. पिरफेनिडोनला यकृतातलं जे एन्झाइम मोडतं त्यालाच सिप्रो अडवतं, मग तोच डोस रक्तात जास्त साचतो. म्हणजे बघ, जुलाब मुळात पिरफेनिडोनने लागलेले असू शकतात, त्यावर कुणीतरी सिप्रो दिलं, त्याने पिरफेनिडोन आणखी चढलं, आणि मळमळ-जुलाब दुप्पट. प्रत्येक पाऊल शहाणपणाचं वाटतं आणि माणूस अंथरुणाला खिळतो. जुलाब झाले तर ओआरएस चालू कर आणि डॉक्टरांना विचार. इन्फेक्शन असेल आणि सिप्रोच लागत असेल तर ते पिरफेनिडोन कमी करून देतात. नैराश्यावरची फ्लुव्होक्सामाइन ही गोळी तर याच्या जोडीला नकोच. ओमेप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर तेही सांग, त्याने उलट बाजूला फरक पडू शकतो, म्हणजे पिरफेनिडोन रक्तात कमी भरू शकतं.

दुसरं अँटिबायोटिक डॉक्सीसायक्लीन. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालून आलेल्यांना लेप्टोसाठी आपल्याकडे ते सर्रास देतात. त्यानेही कातडी उन्हाला हळवी होते, दोन्ही एकत्र झाली तर भाजणं वाढतं. पण लेप्टो जिवावर बेतणारा आजार आहे, त्यामुळे अप्पा पाण्यातून आलेच तर डॉक्सी नाकारायचं नाही. देणाऱ्या डॉक्टरला पिरफेनिडोनचं नाव सांगायचं आणि ते चालू असेतोवर उन्हात जायचंच नाही. त्यापेक्षा पाणी तुंबेल त्या दिवशी त्यांना घरीच बसव.

विडी-सिगारेटच्या धुराने यकृत हे औषध इतक्या लवकर निकालात काढतं की ओढणाऱ्याच्या रक्तात ते न ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या आसपास भरतं. गॅलरीत चोरून ओढलेलीही मोजली जाते. मिश्रीने हा विशिष्ट घोटाळा होत नाही, कारण तो धुराचा असतो, तंबाखूचा नव्हे. म्हणून मिश्रीला माझी परवानगी आहे असं मात्र त्यांना सांगू नकोस.

गोळी सुरू करण्याआधी एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, झाली ना? रिपोर्ट मला फोटोत दिसला नाही. झाली नसेल तर आधी ती. नंतर पहिले सहा महिने दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी. तारीख ठरवून टाक, पेन्शनच्या दिवशी म्हण. एसजीपीटी आणि एसजीओटी या यकृताच्या एन्झाइमांसमोर लॅबने वरची मर्यादा छापलेली असते. ती ४० असेल तर १२० च्या वरचा आकडा त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचा, आणि २०० च्या वर गेला तर औषध बहुधा कायमचंच बंद होतं. बिलिरुबिन वाढलं असेल तर या एन्झाइमांचा आकडा लहान असला तरी वाट न बघता डॉक्टरांना कळवायचं. रिपोर्टची वाट न बघता फोन करायचा तो लघवी चहासारखी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं किंवा विनाकारण गळून गेले तर. दारू नको. गुळवेलीचा काढाही बंद, माई रागावल्या तरी. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले आहेत. शिवाय एन्झाइम वाढली तर ती काढ्याने की गोळीने, हे कुणालाच सांगता येणार नाही.

एखादा डोस चुकला तर सोडून द्यायचा, पुढच्या जेवणाला दुप्पट द्यायचा नाही. काही दिवस खंड पडला आणि तो १४ दिवसांपेक्षा कमी असला तर आधीच्याच डोसवर परत येता येतं. १४ किंवा जास्त दिवस गेले तर पुन्हा १-१-१ पासून चढावं लागतं, तेही डॉक्टरांना सांगून. गणपतीला कोकणात जाल तेव्हा हे लक्षात ठेव. गावच्या दुकानात ही गोळी मिळेल या भरवशावर जाऊ नका, मुक्कामापेक्षा पाच दिवसांच्या जास्त घेऊन जा, आणि त्या हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नकोत.

ओठ, जीभ, चेहरा सुजला, श्वास अचानक जास्त अडकला, अंगभर पुरळ येऊन ताप आला किंवा कातडी सोलवटायला लागली, तर गोळी थांबवून सरळ १०८.

तुमच्या सोसायटीतल्या ज्या काकांना निंटेडानिब चालू आहे त्यांच्या उरलेल्या कॅप्सूल आल्या तर परत कर. तीही फायब्रोसिसवरचीच, पण ती दिवसातून दोनदा, बारा तासांनी, तिचा मुख्य त्रास जुलाबाचा, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका. एकाच्या जागी दुसरी चालत नाही.

आणि गॅलरीतल्या कबुतरांना जाळी बसवून घ्या या महिन्यात, त्यांच्या विष्ठेची धूळ फुप्फुसाला वाईट. विष्ठा झाडताना अप्पा आत, दार बंद, आणि आधी पाणी मारून भिजवायची, कोरडी झाडायची नाही.

एलएफटीचा कागद आणि केमिस्टने दिलेल्या स्ट्रिपची मागची बाजू, दोन्हींचे फोटो पाठव. आकडा नीट वाचता येईल असे काढ, मागच्या वेळचे हललेले होते.

तुझी,
आई