ताई, तुमचा अर्धा तत्कार राहिलाय

ताई, समोर बोलायला गेले की मला रडूच येतं, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्याकडे पाय दाखवायला यायच्या आधी चार महिने नडगी दुखत होती. आधी फक्त कथकचा तत्कार, म्हणजे बोलांवर पाय आपटणं, झाल्यावर, मग जिना उतरताना, मग रात्री झोपेतसुद्धा. क्लासमध्ये सांगितलं तर "रियाज कमी पडतोय". शहाबादी फरशीवर अनवाणी, एकेका पायात दीडशे घुंगरू, दोन दोन तास चौगुन, म्हणजे चौपट लयीत, आणि म्हणे रियाज कमी! मग एका मोठ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी एक्सरे बघितला, नॉर्मल आहे म्हणाले आणि मान वरही न करता, "नाच बंद करा, या वयात कशाला हवाय." चौतीसची आहे हो मी.

तुम्ही मला पिशवीतनं घुंगरू काढायला लावलेत आणि चपला काढून स्वतःच्याच पायाला बांधायला बसलात. दोरी काही गुंडाळता येईना, शेवटी मीच खाली बसून बांधून दिली. "हं, शिकव आता." ता थेई थेई तत, एवढे अर्ध्या तत्काराचे चारच पाय मारलेत आणि खुर्ची धरलीत. "अगं आई गं, हे तू दोन तास करतेस?"

बस्स. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी माझं दुखणं खरं वाटलं.

पुढे एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. असा बारीक तडा सुरुवातीला एक्सरेत बऱ्याचदा दिसतच नाही, हेही तुमच्याकडूनच कळलं. आठ आठवडे पाय आपटायचा नाही म्हणालात, पण नाच सोड असं एकदाही म्हणाला नाहीत. बसून तोंडाने बोल म्हणत पढंत कर, हातांचे हस्तक कर, रिकाम्या पोटी क्लासला जाऊ नकोस, पोटऱ्यांचा व्यायाम चुकवू नकोस. क्रिकेटवाल्याची मांडी आखडली की फिजिओ धावत मैदानात येतो, आमच्याकडे भूमीला नमस्कार केला की थेट तत्कार, वॉर्मअप वगैरे लाड कोण करणार! दुखणं लपवणाऱ्या पोरीचंच वर कौतुक, मीही केलंय ते, खोटं कशाला बोलू.

डिग्र्या खूप जणांकडे असतात ताई, पण दुसऱ्याचं दुखणं आपल्या पायात बांधून बघणारी माणसं मला तरी फार भेटली नाहीत.

परवा पन्नास घुंगरू बांधून उभी राहिले. संथ, विलंबित तीनताल, दोनच आवर्तनं. दुखलं नाही. शनिवारी येतेय, घुंगरू घेऊनच. तुमचं 'आ थेई थेई तत' राहिलंय.