आत्याला सांगा, शिक्षण अजून चालूच आहे

लाइपझिग, रविवार दुपार

प्रिय आई-बाबा,

परवा लग्नातून व्हिडिओ कॉल लावलात आणि आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "अगं एमडी होऊन इतकी वर्षं झाली, अजून कसल्या परीक्षा देतेस?" मी आपलं हसून वेळ मारून नेली, कारण सांगायला बसले असते तर तिकडे पंगती उठल्या असत्या. आज नाइट करून आलेय, झोप काही येत नाहीये, म्हटलं लिहूनच टाकू.

आधी बातमी. ईडीएआयसीचा दुसरा भाग पास झाले!! भूल आणि आयसीयू दोन्हीचा मिळून हा युरोपियन डिप्लोमा. पहिला भाग लेखी होता, ६०-६० प्रश्नांचे दोन पेपर. हा तोंडी, एकाच दिवसात चार व्हायवा, प्रत्येकी २५ मिनिटं, आणि दरवेळी समोर दोन नवीन परीक्षक. दुसऱ्या व्हायवात घसा एवढा सुकला की परीक्षक बाईंनी स्वतःहून पाणी पुढे केलं, आपल्याकडे कुणी केलं असतं का सांगा.

आता गंमत ऐका. ही परीक्षा पास झाले तरी जर्मनीत मी अजून स्पेशालिस्ट नाही. इथे त्याला फाखआर्त्स्ट म्हणतात, आणि त्याची परीक्षा वेगळी, ती इथल्या राज्याच्या डॉक्टरांच्या चेंबरसमोर द्यायची. राज्यं १६ आणि अशी चेंबरं १७, कारण एका राज्यात दोन आहेत. तिकडे स्वित्झर्लंड, ऑस्ट्रियात मात्र स्पेशालिस्ट व्हायला याच ईडीएआयसीचा वापर करतात.

बाबा, तुम्हाला हे पटकन कळेल, आयटीआयमध्ये आयुष्य गेलं तुमचं. एनसीव्हीटीचं, म्हणजे देशपातळीवरच्या परिषदेचं सर्टिफिकेट असलं की पोरगं देशात कुठेही जाऊ शकायचं, पण तुम्ही कायम म्हणायचात की सर्टिफिकेट बाजूला ठेव, जॉब करून दाखव, मी व्हर्नियर (मापायचं यंत्र) लावून बघतो. तर युरोपात सगळं अडतंय ते इथेच. १९७५ पासून युरोपियन युनियनचा नियम आहे (आता चालतो तो २००५ चा) की एका देशात स्पेशालिस्ट झालेला डॉक्टर दुसऱ्या देशानं परीक्षा न घेता मान्य करायचा. त्यासाठी कायद्यात प्रत्येक शाखेला कमीत कमी वर्षं ठरवून दिलीत, जनरल सर्जरीला पाच, भुलेला तीन. बस, वर्षं मोजायची. त्या वर्षांत श्वासाची नळी किती जणांना घातली, दोन महिन्यांच्या बाळाला कधी भूल दिली का, हे कायदा विचारतच नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक स्पॅनिश जोडपं राहतं, त्यांचं उदाहरण देते. नवरा भूलतज्ज्ञ. स्पेनमध्ये त्याला चार वर्षं लागतात, जर्मनीत पाच, तरी त्याचा कागद सरळ मान्य झाला, कारण कायद्यातली तीन वर्षं भरली ना. बायको आयसीयूची डॉक्टर, तिकडे ती स्वतंत्र शाखा आहे, पूर्ण पाच वर्षांची. म्हणजे नवऱ्यापेक्षा वर्षभर जास्त शिकली. पण जर्मनीत आयसीयू ही मुख्य शाखाच नाही, आधी भूल, मेडिसिन, सर्जरी असलं काहीतरी करायचं आणि वरून आयसीयूचं जादा शिक्षण घ्यायचं. त्यात युरोपच्या यादीतही ती शाखा नाही, मग तिचा कागद बसवायचा कुठल्या खान्यात? इतकी हुशार बाई, व्हेंटिलेटरवर तिचा हात बघावा, आणि इथे ज्युनियर म्हणून राबतेय. तिच्यासमोर मी माझं रडगाणं गात नाही.

हे जुळवायचा प्रयत्न कुणी करत नाही असं नाही हां. ब्रसेल्सला यूईएमएस म्हणून स्पेशालिस्ट डॉक्टरांची संघटना आहे, १९५८ पासूनची. ते प्रत्येक शाखेसाठी लिहून काढतात की शिकाऊ डॉक्टरला शेवटी काय काय करता आलं पाहिजे. भुलेला ते पाच वर्षं म्हणतात, त्यातलं निदान एक आयसीयूत. कागद वाचला मी, चांगला आहे. फक्त तो कुणावर बंधनकारक नाही! कायदा तीन म्हणतो, डॉक्टर पाच म्हणतात, आणि प्रत्येक देश आपलं तेच खरं करतो.

सगळं एकसारखं करावं असंही मला वाटत नाही. इथे भूलतज्ज्ञ अॅम्ब्युलन्सवर जातो, मी स्वतः जाते, बऱ्याच देशांत ते काम पॅरामेडिक बघतात, मग ते सगळ्यांना कशाला शिकवायचं? आणि कागद सोपे झाले की माणसं निघून जातात हेही आहेच. आमच्या डिपार्टमेंटमध्ये रोमानियाचे तिघं आहेत, त्यांच्या गावाकडे भूल द्यायला कोण उरलं देव जाणे. मिरज सोडून आलेल्या बाईनं हे बोलू नये, माहितेय मला.

माझं विचाराल तर डिग्री भारतातली, त्यामुळे आयतं काहीच मिळालं नाही. आधी मेडिकलची भाषा परीक्षा (२० मिनिटं पेशंटशी बोला, २० मिनिटं लिहा, २० मिनिटं सिनियरला केस सांगा), मग ज्ञानाची परीक्षा, तेव्हा कुठे लायसन्स. उद्या युरोपातल्या दुसऱ्या देशात जायचं म्हटलं तर जर्मनीत तीन वर्षं काम केल्याचा दाखलाही लागेल. एमडीच्या तीन वर्षांतले काही महिने चेंबरनं इथल्या स्पेशालिस्टच्या शिक्षणात धरले, बाकीच्यासाठी म्हणतात केसेसचा हिशोब दाखवा. म्हणजे बाबा, शेवटी तुमचं व्हर्नियरच निघालं, आणि खरं सांगू का, मला ते आवडलं.

तर त्यासाठीच काम आहे. माझी एमडीची लॉगबुकं (केलेल्या केसेसच्या नोंदवह्या) दोन होती, निळ्या पुठ्ठ्याची. एक माझ्याकडे आहे, दुसरं माळ्यावर असणार, गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली बघा. लहान मुलांच्या केसेस सगळ्या त्यातच आहेत. आई, तू चढू नकोस वर, दादाला सांग. प्रत्येक पानाचा फोटो, सह्या नीट दिसतील असा, आणि ओरिजिनल कुरिअरनं पाठवा.

तुमची,
मनू

ता.क. आत्याला एवढंच सांगा की पास झाले. बाकीचं मी दिवाळीत येऊन सांगते.