जंगलातली ठाणी हलवण्याची घाई नको

मा. संपादक,

15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तेव्हापासून ‘नक्षलवाद संपला, आता बंदोबस्त कमी करा’ असा सूर कानावर येतो. एटापल्ली तालुक्यात नोकरीची बहुतेक वर्षे काढलेला शिक्षक म्हणून माझा याला ठाम विरोध आहे.

बोरिया-कसनासूर (2018) आणि मर्दिनटोला (2021) इथल्या चकमकींनी दलमांचे, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकड्यांचे, कंबरडे मोडले, हे खरे. पण त्याआधी कित्येक वर्षे पोलिस पार्टी दिवसा गावात यायची आणि निघून जायची. रात्री दलम यायचे, भात मागायचे, ‘सकाळी पोलिसांशी कोण बोलले?’ म्हणून विचारायचे. खबऱ्या ठरवून एखाद्याला मारायचे आणि प्रेताजवळ पत्रक टाकून जायचे. अशा गावाने कोणाची बाजू घ्यायची? पोलिस मुक्कामाला राहू लागले तेव्हा चित्र पालटले. वांगेतुरीला 2023 मध्ये, गर्देवाड्याला 2024 मध्ये अवघ्या एकेका दिवसात पोलिस मदत केंद्र उभे राहिले. गडचिरोली पोलिसांच्या सी-60 कमांडो पथकातली पोरेही इथलीच, माडिया-गोंडी बोलणारी. बाहेरच्या फौजेला जे जमले नसते ते त्यांना जमले.

आज ठाण्यातल्या ‘पोलिस दादालोरा खिडकी’वर, म्हणजे दाखले आणि योजनांसाठीच्या मदत खिडकीवर, गर्दी असते. रात्री गस्त घालणारा जवान सकाळी जातीच्या दाखल्याचा अर्ज भरून देतो, कोणते कागद कमी आहेत ते म्हाताऱ्याला माडियात समजावतो. त्या जवानांचे कौतुक करावे तेवढे थोडेच, पण हे काम महसूल खात्याचे आहे. उद्या ठाणे उठले तर ती खिडकीही बंद होणार, आणि म्हातारा पुन्हा तालुक्याची वाट धरणार. शिवाय ‘ही ठाणी सुरजागडच्या लोहखनिजासाठी’ अशी शंका गावकरी उघडपणे बोलून दाखवतात. ती भाषणांनी जायची नाही.

म्हणून शासनाला विनंती आहे, की ठाणी हलवण्याआधी त्याच आवारात तलाठी आणि ग्रामसेवक मुक्कामी ठेवावेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की अजूनही अडलेल्या बाईला खाटेवर घालून न्यावे लागते. एका दिवसात ठाणे उभारता येते, तर तिथे कायमची परिचारिका पुढच्या पावसाळ्याआधी नेमता आलीच पाहिजे.

– एक निवृत्त शिक्षक, एटापल्ली (जि. गडचिरोली)